रघुमामांची तार आणि पंधरा मणी

रघुमामांना तीन आवाज आहेत, आणि तिन्ही मला येतात.

पहिला दुकानातला. मामा तिरुभुवनमला रेशमी साड्यांच्या एका सोसायटीत काउंटरवर असतात. तिथे ते तमिळमध्ये असं बोलतात की साडीलाच झोप लागावी. "अम्मा, घाई नको. ही उन्हात नेऊन बघा. नाही आवडली तर परत आणा, मी इथंच आहे." गिऱ्हाईक उन्हात जाऊन येतं आणि दोन साड्या घेतं.

दुसरा आवाज घरचा. घरात आमची मराठी, तीही तंजावरची. पुण्याहून एक नातेवाईक आले होते, ते म्हणाले, "हे बोलतात की फर्मान काढतात?" मामा न्हाणीघराच्या दारात उभे राहून म्हणतात, "हा गीझर कोण चालू ठेविला? दोन वेळां सांगितलों. आतां आणीक एकदां जालें तर बटणच काढून ठेवितों." शेवटचा शब्द नाकातून वर जातो. तो नीट जमायला मला आठवडा लागला होता.

तिसरा आवाज क्लबातला, आणि हे सगळं त्याच्यासाठीच लिहिते आहे.

क्लब म्हणजे बाजारातल्या एका भांड्यांच्या दुकानावरचा लांब हॉल. खाली पितळ ठोकत असतात, वर एकच पूल टेबल. ते अप्पाजीआजोबांनी आणलं. आजोबा मामांचे चुलते, जहाजावर इंजिनियर होते. निवृत्त झाल्यावर इतर लोक घर बांधतात, त्यांनी टेबल मागवलं आणि सगळ्यांना एकच खेळ शिकवला, स्ट्रेट पूल. पंधरा बॉल, कुठलाही बॉल कुठल्याही पॉकेटात, पण आधी सांगून घालायचा. एक बॉल, एक गुण. चौदा गेले की पंधरावा जिथे असेल तिथे ठेवून बाकीचे पुन्हा त्रिकोणात रचायचे आणि गुण तसेच पुढे मोजायचे. आधी शंभर होतील तो जिंकला.

या खेळात टेबलाकडे बघून कोण पुढे आहे ते कळत नाही. गेलेले बॉल परत येतात, रचले जातात, पुन्हा जातात. सगळा इतिहास गुण ठेवणाऱ्याकडे. त्यासाठी टेबलाच्या वर आडवी तार बांधली आहे. तिच्यावर लाकडी मणी, एका बाजूला काळे शंभर, दुसऱ्या बाजूला तांबडे शंभर. गुण झाला की वेताच्या काठीने एक मणी सरकवायचा, टक्, आणि आकडा पुकारायचा.

आजोबांचे डोळे गेले तेव्हा काठी मामांकडे आली. मामा स्वतः खेळत नाहीत. क्यू हातात घेतला की त्यांची कोपरं भांडायला लागतात. पण त्या उंच स्टुलावर बसले की त्यांचा आवाज पोटातून निघतो. "अरुवत्ति मूनु!" म्हणजे त्रेसष्ट. खाली पितळ ठोकणारा हात थांबवतो आणि विचारतो, "कोण पुढे?"

त्यांची एक रीत आहे. बॉल पॉकेटात पडल्याचा आवाज आला तरी ते मणी हलवत नाहीत. आधी पांढरा बॉल पूर्ण थांबू देतात. कारण पांढरा फिरत फिरत शेवटी पॉकेटात पडला तर गुण नाहीच, उलट एक कापायचा. लोक ओरडतात, "राव, टाका ना मणी!" तमिळ लोक आम्हा सगळ्यांना रावच म्हणतात. मामा काठी मण्याला लावून बसतात, दाबत नाहीत. पांढरा थांबतो. मग टक्. एकदा क्लबचे सेक्रेटरी शामसुंदर यांनी मोठा पडदा आणि मोबाईलवरचं अ‍ॅप आणलं होतं. अ‍ॅपवर बोट ठेवणारा मुलगा बॉल पडताच बोट दाबायचा आणि मग उलटं जायचं बटण शोधत बसायचा. महिन्याभरात त्या पडद्यावर लोक क्रिकेट बघायला लागले.

आता लावण्याबद्दल. लावण्या मामांची मुलगी, बँकेत आहे, आणि तिची कोपरं मामींवर गेली आहेत, म्हणजे सरळ. यंदा ती फायनलला पोचली. आमचा क्लब आणि आडुतुरै गावचा क्लब यांच्यात दरवर्षी स्पर्धा होते. फायनलमध्ये समोर होते आडुतुरैचे शंकरनारायण सार, सार म्हणजे सर. भात संशोधन केंद्रातून निवृत्त झालेले. ते खेळताना बॉलांकडे असं बघतात की जणू कुठल्याला कीड लागली आहे ते शोधताहेत.

भानगड अशी की मुलगी खेळते आणि बाप गुण ठेवतो, हे आडुतुरैकरांना कसं चालणार? त्यांच्याबरोबर एक चौकड्यांच्या शर्टवाला तरुण आला होता, त्यांचा कॅप्टन. तो म्हणाला, "दुसरा कोणी बसवा."

शामसुंदर म्हणाले, "दुसरा कोणी नाही आमच्याकडे."

"मग आमचा बसेल."

"तुमच्याकडे आहे कोणी?"

तरुणाने मागे पाहिलं. मागचे सगळे एकदम चहाच्या कपात बघायला लागले. आमच्या तारेचं नाव आडुतुरैपर्यंत गेलं आहे, त्या स्टुलावर बसून हसं करून घ्यायला कोण तयार होणार?

तेव्हा मामाच पुढे आले. क्लबच्या आवाजात, त्याला तंबी म्हणजे धाकटा भाऊ म्हणत, म्हणाले, "तंबी, मी बसतो. माझी एक जरी चूक निघाली तर मी आपणहून उठेन. परत बसणार नाही."

मीनाक्षीमामी माझ्या शेजारी होत्या. माझ्या कानात म्हणाल्या, "पाहिलेंस? पोरीचा सामना, आणि हे आपली शपथ घेऊन बसले. त्या स्टुलावरून उठवलं तर हा माणूस संध्याकाळी कुठं जाईल? माझ्याच स्वैपाकघरांत." मामी हसत होत्या, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. तीस वर्षं मामांच्या आकड्यावर कोणी बोट ठेवलं नव्हतं. आता नुसतं ठेवलं नव्हतं, दाबून धरलं होतं.

सामना सुरू झाला आणि मामांनी लावण्याला ओळख देणंच बंद केलं. "मिस लावण्या, कुठला बॉल?" "मिस लावण्या, कुठलं पॉकेट?" लावण्या आधी हसू दाबत होती, मग तीही म्हणायला लागली, "कोपऱ्यातलं, सार." घरात ज्या माणसाने तिला सायकल शिकवताना गल्लीभर आरडाओरडा केला होता, तो तिला सार झाला. पूर्ण सामना तमिळमध्येच बोलायचं, असं मामांनी ठरवलं होतं. मराठीचा एक शब्द नाही. कोणी म्हणू नये की बापाने मुलीला काही सांगितलं. मामींनी एकदा विचारलं, "अहो, पाणी हवें का?" तर मामा तमिळमध्ये म्हणाले, "वेंडाम." नको. मामी चकित झाल्या. "मला वेंडाम म्हणतात! लग्न होऊन इतकी वर्षं जालीं, पहिल्यांदा."

शंकरनारायण सार पंच्याऐंशीवर होते, लावण्या अठ्ठ्याहत्तरवर. तेव्हा सारांचा पांढरा पॉकेटात गेला. फाउल. एक मणी मागे, चौऱ्याऐंशी.

इथे एक नियम सांगायला हवा, सगळं त्यावरच आहे. फाउल झाला की एक गुण जातो. पण एकाच खेळाडूने लागोपाठ तीन फाउल केले तर त्याचे वर आणखी पंधरा कापतात. एवढी मोठी शिक्षा म्हणून गुण ठेवणाऱ्याचं काम असं की दुसऱ्या फाउलनंतर त्या खेळाडूला मोठ्याने बजावायचं, दोन झाले, सांभाळा. बजावलं नाही तर पंधरा कापता येत नाहीत.

लावण्याने पांढरा बॉल सगळ्या बॉलांच्या गर्दीमागे नेऊन लपवला. सारांना मारायला काही नव्हतं. जुने खेळाडू अशा वेळी मुद्दाम फाउल घेतात, पांढऱ्याला क्यू हळूच लावून सोडून देतात. एक गुण जातो, पण अडचण समोरच्याच्या गळ्यात पडते. सारांनी तेच केलं. त्र्याऐंशी. दोन फाउल झाले.

मामा स्टुलावर पुढे झुकले आणि म्हणाले, "सार, दोन जालें. आतां आणीक एक केलांत तर पंधरा गेले."

मला हसू फुटलं, कारण तो गीझरचा आवाज होता. नाकातून वर जाणारा, अगदी तोच! मामी पदर गुंडाळायच्या थांबल्या. क्लबमधल्या बाकीच्यांना काहीच वाटलं नाही. मामा काहीतरी मोठ्याने बोलले, म्हणजे बजावलं असणार. त्यांची तोंडं टेबलाकडे.

लावण्याने पांढरा पुन्हा लपवला. सारांनी टेबलाभोवती एक फेरी मारली आणि पुन्हा क्यू हळूच लावून सोडला.

तिसरा.

आमच्या बाजूने जी आरोळी उठली त्यात माझीही होती. मामांनी एक मणी मागे घेतला, ब्याऐंशी. मग काठी आडवी घालून पंधरा मणी एका धक्क्यात मागे. खर्र! सदुसष्ट. लावण्या अकराने पुढे. नियमाप्रमाणे पंधराही बॉल पुन्हा रचायचे होते, म्हणून शामसुंदर त्रिकोण घेऊन निघालेसुद्धा.

सार तारेकडे बघत होते. "राव, माझे दोनच झाले ना? तो पांढरा पडलेला पण धरलात होय?"

"धरायलाच हवा, सार."

"हो, हो. माझं लक्ष नव्हतं. पण तुम्ही सांगितलं नाहीत."

आमचा सगळा बाक ओरडला. "सांगितलं! सांगितलं! आम्ही ऐकलं!"

"काहीतरी बोललात खरं," सार म्हणाले. "मला वाटलं मुलीला काही सांगताय."

चौकड्यांच्या शर्टवाला उठून उभा राहिला. "बघा! मी आधीच म्हटलं होतं! त्यांच्या भाषेत मुलीला सांगतोय! कसा मार, कुठं लपव, सगळं सांगत असेल!"

खालची ठोकठोकही नेमकी तेव्हाच थांबली. मामांचा चेहरा मी पाहिला. त्यांना त्या क्षणापर्यंत माहीतच नव्हतं. त्यांनी ओठ हलवून ते वाक्य परत स्वतःशी म्हणून पाहिलं, आणि मग काठी मांडीवर ठेवली.

शामसुंदर त्रिकोण घेऊन टेबलाशी पोचले होते. मामा म्हणाले, "थांबा. बॉलांना हात लावू नका."

"राव, तुम्ही बजावलंत," शामसुंदर म्हणाले. "नियमात कुठं लिहिलंय कुठल्या भाषेत?"

"मी सारांनाच बोललो," मामा म्हणाले, आता स्वच्छ तमिळमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मुलीला एक शब्द नाही. पण बोललो आमच्या घरच्या भाषेत. कसं झालं, कळलं नाही. यांना ते कळलं नाही. कळलं नाही म्हणजे मी बजावलं नाही. पंधरा परत."

आणि काठी घालून त्यांनी पंधरा मणी पुढे ढकलले. खर्र.

यानंतर जे झालं त्याची नक्कल मी एकटीने करू शकत नाही, त्याला दोन माणसं लागतात. शंकरनारायण सारांनी आपला क्यू वर केला, टोक तारेला लावलं, आणि पंधरा मणी मागे ओढले. "नको. तुम्ही बोललात म्हणता ना? मग बोललात. तुमच्या शब्दावर आम्ही इतकी वर्षं खेळतो. ठेवा कापलेले."

मामांनी ढकलले. "नियमात बसत नाही, सार."

सारांनी ओढले. "माझे पंधरा आहेत, मी सोडतो."

"तुमचे नाहीत, तारेचे आहेत." ढकलले.

"अहो, बहिरा म्हणून माझी चूक!"

"बहिरे नाही, तुम्ही तमिळ आहात!"

मणी इकडून तिकडे, तिकडून इकडे. तार गुणगुणायला लागली. लावण्याने क्यू भिंतीला टेकवला आणि म्हणाली, "तुम्हा दोघांचं ठरलं की हाक मारा. मी जरा बसते." ती येऊन मामींच्या शेजारी बसली. मामी म्हणाल्या, "तुझे बाबा बघ, तुला बुडवायला किती मेहनत घेताहेत." लावण्या म्हणाली, "अम्मा, गप्प बस ना. मी तो गीझर ऐकला तेव्हांच बुडाले होते." पण तिचं लक्ष तारेवर होतं, मणी कुठल्या बाजूला थांबतात त्यावर.

शेवटी सार म्हणाले, "बरं, निदान सांगा तरी, काय बोलला होतात?"

मामांनी तमिळमध्ये सांगितलं. सार हसले. "एवढ्या प्रेमाने? मला वाटलं मुलीला रागावताय. घरी तुम्ही बायकोला असंच बजावता?"

"असंच," मामी बाकावरून म्हणाल्या. हॉलभर हशा पिकला.

तो हशा ओसरला तेव्हा सारांनी क्यू खाली घेतला. मणी ब्याऐंशीवर. मामांनी आता व्यवस्थित, पोटातून पुकारलं, "सार, दोन फाउल झालेत. आणखी एक झाला तर पंधरा जातील." मग स्टुलावरून उतरले. काठी शामसुंदरांच्या हातात दिली. "मी म्हटलं होतं. एक चूक. निघाली."

कोणी काही म्हणण्याआधी ते येऊन बाकावर बसले, हात मांड्यांखाली घालून. माणूस देवळात रांगेत बसतो तसे.

शामसुंदर चांगले सेक्रेटरी आहेत. पंखे त्यांनीच लावले, बाथरूमची कडी त्यांनीच बसवली. पण बॉल रचायचे, मणी सरकवायचे, पुकारायचं, सगळं एकदम करताना त्यांचा आवाज बस स्टँडवरच्या कंडक्टरसारखा झाला. "एण्बत्ति ओण्णु, एण्बत्ति ओण्णु, पुढे चला!" म्हणजे एक्क्याऐंशी. लावण्या छान खेळत होती. एकामागून एक बॉल जात होते. चौदावा बॉल पडला, शामसुंदर काठी बगलेत धरून त्रिकोणाकडे धावले, बॉल रचले, घाम पुसला, आणि मणी हलवायचा विसरले.

लावण्याने तारेकडे पाहिलं. शंकरनारायण सारांनी तारेकडे पाहिलं. मग दोघांनी एकाच वेळी मान वळवली आणि बाकाकडे, मामांकडे पाहिलं.

मामांनी ओठ आत ओढून घेतले. कपाळावर शीर उभी राहिली. मांड्यांखालचे हात दिसत नव्हते, पण बाक हलत होता.

"अहो, सांगा की," मामी पुटपुटल्या.

"मी उठलों," मामा दातांतून म्हणाले, घरच्या मराठीत. आता त्यांना हरकत नव्हती.

"तिचा एक राहिला," सार मोठ्याने म्हणाले. शामसुंदरांनी घाईने मणी सरकवला, तो तांबड्याऐवजी काळा. आता सारांचा एक वाढला आणि मुलीचा राहिलाच.

सारांनी क्यू टेबलावर आडवा ठेवला. "मी खेळत नाही. माझे गुण मलाच फुकट मिळायला लागले. स्टुलावर राव असतील तर खेळतो, नाहीतर आडुतुरैची बस आहे."

सगळे चौकड्यांच्या शर्टवाल्याकडे बघायला लागले. अट त्याच्याचसाठी घातली होती. तो लाल झाला. मग उठला, शामसुंदरांच्या हातातून काठी घेतली आणि बाकापर्यंत आला. मला वाटलं आता भाषण करणार. पण तो एवढंच म्हणाला, "उक्कारुंग, सार." बसा. आणि काठी दोन्ही हातांनी पुढे धरली.

मामा बसूनच राहिले. "शब्द दिला होता, तंबी."

"शब्द मला दिला होतात. मी परत देतो. चूक निघाली होती, पण ती तुम्हीच काढलीत. आमच्यातल्या कोणाला सापडली असती का? मी तर भलतीच शोधत होतो."

मामांनी त्याच्याकडे पाहिलं, लावण्याकडे पाहिलं. लावण्या भुवई न हलवता म्हणाली, "सार, माझा एक राहिलाय."

तेव्हा उठले. स्टुलावर चढले. काळा मणी मागे, टक्. तांबडा पुढे, टक्. आणि असा आकडा पुकारला की खालून पितळवाला ओरडला, "आले का राव?"

पुढचं लवकर झालं. लावण्या शहाण्णववर गेली. शेवटच्या चारांतला पहिला बॉल सोपा होता, मी पण घातला असता. तो पॉकेटाच्या ओठावर येऊन थांबला. मामांनी पांढरा थांबेपर्यंत वाट पाहिली, नेहमीसारखी, त्या बॉललाही पडायला पुरेपूर वेळ देऊन. पडला नाही. "तोण्णूत्ति आरु," ते म्हणाले. शहाण्णवच.

मग सार उठले, सगळ्या बॉलांची कीड तपासली, आणि एकही चूक न करता शंभरपर्यंत गेले. शेवटचा बॉल पडला. पांढरा टेबलाच्या तीन कडांना लागून हळू हळू फिरत होता. काठी मण्याला टेकलेली. पांढरा थांबला. टक्.

"नूरु!" मामांचा आवाज छताला लागला. शंभर. शंकरनारायण, आडुतुरै.

टाळ्या झाल्या. सारांनी करंडक एका हातात घेतला आणि दुसऱ्या हाताने लावण्याची पाठ थोपटली. "मला पंधरांची शिक्षा व्हायलाच हवी होती," ते म्हणाले. "पुढल्या वर्षी खरी कर." चौकड्यांच्या शर्टवाला मामांना जिन्यात गाठून विचारत होता की आडुतुरैच्या स्पर्धेला दर रविवारी गुण ठेवायला याल का, बसभाडं देऊ, जेवण देऊ, तार पण बांधू.

आम्ही चौघं चालत निघालो. लावण्या गप्प, म्हणून मामाही गप्प, म्हणून मामीच बोलत होत्या. "चारांनी हरली. चार! आणि हे पंधरा देऊन आले. साडीवर एवढी सूट देता का कधी?"

कोपऱ्यावर कॉफीवाल्याकडे थांबलो. लावण्याने अर्धी कॉफी संपवली आणि म्हणाली, "अप्पा, त्यांचा शंभर तुम्हीं फारच जोरांत पुकारलांत."

"तुझा असता तरी तितकाच."

"नाहीं. माझा असता तर तुमचा आवाज फाटला असता."

मामांनी विचार केला. खरंच केला, कपातलं बघत. "हो," ते म्हणाले. "फाटला असता."

लावण्या हसली, आणि मग तिचं हसू थांबेना. "मग रविवारीं जा तुम्हीं आडुतुरैला. बसा त्यांच्या स्टुलावर. पण मी खेळेन त्या दिवशीं नको."

"कां?"

"मला हरवायला समोर एक माणूस पुरे आहे."

मामांनी कप ठेवला, पाठ ताठ केली, आणि रस्त्यात, दोन रिक्षा आणि एक गाय यांच्या मध्ये उभं राहून, क्लबच्या आवाजात म्हणाले, "मिस लावण्या, रविवारी खेळायला येणार की नाही, ते आत्ताच जाहीर करा." रिक्षावाला दचकून बाजूला झाला.

"येणार, सार," लावण्या म्हणाली.